न भेटता, न गाता: व्हीसीएमजीच्या ‘स्स्स्स’ अल्बमचं प्रकरण

मार्च २०१२ मध्ये लंडनच्या म्यूट रेकॉर्ड्सने दहा ट्रॅकचा एक टेक्नो, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, शब्दांविना अल्बम काढला. नाव ‘स्स्स्स’. कलाकाराच्या जागी फक्त चार अक्षरं होती, व्हीसीएमजी. म्हणजे व्हिन्स क्लार्क आणि मार्टिन एल. गोर. सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरची पॉप गाणी, ऐकणाऱ्यांना या दोन नावांची ओळख करून द्यावी लागत नाही. एसेक्समधल्या बॅसिल्डन गावातले हे दोघे डिपेश मोडचे संस्थापक सदस्य. ऑक्टोबर १९८१ मध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ हा त्या बँडचा पहिला अल्बम आला आणि वर्ष संपता संपता क्लार्क बाहेर पडला. तो आधी यॅझू आणि पुढे इरेझर या बँडकडे गेला. गाणी लिहिण्याची जबाबदारी गोरवर आली आणि ती त्याच्याकडेच राहिली. त्यानंतर दोघांनी मिळून काही केलं ते थेट तीस वर्षांनी, आणि तेही गाण्याशिवाय.

‘जुने मित्र पुन्हा एकत्र’ ही बातमी तेव्हा भरपूर छापून आली. त्यापेक्षा हे काम कसं झालं ते पाहणं जास्त उपयोगाचं आहे. दोघं अमेरिकेच्या दोन टोकांना, आपापल्या स्टुडिओत बसलेले. शब्द नाहीत, मुदत नाही, मिक्सिंगही स्वतः केलं नाही. इलेक्ट्रॉनिक संगीतात लांबून भागीदारी करू पाहणाऱ्यांसाठी अभ्यासाला घ्यावं असं हे प्रकरण आहे. ते का जमलं आणि कुठे तोकडं पडलं, दोन्ही त्यात स्पष्ट दिसतं.

आधीचा हिशोब

‘स्पीक अँड स्पेल’ लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत झाला. वापरात नसलेल्या एका चर्चमधला हा स्टुडिओ. निर्माता म्यूटचा संस्थापक डॅनियल मिलर. मिलरचा एआरपी २६०० सिंथेसायझर आणि एआरपीचाच सिक्वेन्सर (ठरवून दिलेले स्वर ओळीने आपोआप वाजवणारं यंत्र) यांच्या जोरावर बरंचसं काम झालं. गाणी बहुतेक क्लार्कची होती. गोरच्या नावावर दोनच, आणि त्यातलं एक संपूर्ण वाद्यसंगीत. म्हणजे शब्दांशिवाय सिंथेसायझर चालवण्याची गोरची ओढ २०१२ मध्ये उगवलेली नाही. पुढची तीस वर्षं ती डिपेश मोडच्या गाण्यांच्या मधल्या जागांत आणि सिंगल्सच्या मागच्या बाजूंवर डोकावत राहिली.

क्लार्कचं प्रकरण वेगळं. तो सुरावटीचा माणूस. आठ-दहा स्वरांत डोक्यात घर करून बसणारी ओळ रचणं ही त्याची हातोटी. पण त्याचा दुसरा हट्ट होता वेळेचा. एमआयडीआयची, म्हणजे वाद्यांना डिजिटल आज्ञा पोहोचवणाऱ्या पद्धतीची, वेळ सैल पडते म्हणून तो जुन्या व्होल्टेज आणि गेटच्या पद्धतीला चिकटून राहिला. तिच्यात व्होल्टेज सूर ठरवतं आणि गेट स्वर कधी वाजायचा ते. इरेझरच्या १९९१ च्या ‘कोरस’ अल्बमसाठी त्याने ॲनालॉग सिंथेसायझर रोलंडच्या एमसी-४ सारख्या सिक्वेन्सरवर चालवले. हा हट्ट टेक्नोत किती कामाला येतो ते पुढे पाहू.

इथे एक मुंबईची आठवण अस्थानी ठरू नये. ब्लॅकविंगमध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ झाल्यावर वर्षभरातच, १९८२ साली, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलंडचा टीबी-३०३ बेस सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची एक तबकडी केली. तीही शब्दांविना, आणि तिच्यातही दहाच ट्रॅक. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ॲसिड हाउसचे, म्हणजे टीबी-३०३ च्याच आवाजावर पुढे घडलेल्या नृत्यसंगीताचे, जाणकार चक्रावले. त्याचा व्हीसीएमजीशी थेट संबंध नाही. पण ‘यंत्र, ठेका आणि एकच स्वरसमूह’ एवढ्या भांडवलावर अख्खा अल्बम उभा राहतो हे बॅसिल्डनच्या बाहेरही कुणीतरी करून दाखवलं होतं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

ठिणगी आणि अटी

टेक्नो संगीतकार रिची हॉटिनच्या प्लास्टिकमन या नावाने येणाऱ्या संगीताचं एक रिमिक्स करण्याच्या निमित्ताने क्लार्क मिनिमल, म्हणजे मोजक्या आवाजांचा, टेक्नो ऐकू लागला आणि त्यात रमला. मग त्याने गोरला मेल पाठवला. मला टेक्नो अल्बम करायचा आहे, बरोबर करशील का? घाई नाही, मुदत नाही. गोर हो म्हणाला. फायली इकडून तिकडे जाऊ लागल्या. गोर कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात, क्लार्क पूर्व किनाऱ्यावर. समोरासमोर बसून या कामाबद्दल बोलणं झालं ते मे २०११ मध्ये, लंडनच्या राउंडहाउसमध्ये म्यूटने भरवलेल्या ‘शॉर्ट सर्किट’ महोत्सवाच्या वेळी.

त्या मेलमधल्या अटी साध्या वाटतात, पण या प्रकरणाची किल्ली त्यांच्यातच आहे. शैली आधी ठरली, भागीदार नंतर. ‘आपण काहीतरी करू या’ असं म्हणून दोन अनुभवी माणसं बसली की पहिले सहा महिने कुणाच्या सवयीप्रमाणे चालायचं यातच जातात. इथे टेक्नो हे दोघांच्याही अंगणाबाहेरचं मैदान होतं. तिथे क्लार्कची सुरावटही हुकमी नाही आणि गोरचे शब्दही. शिवाय मुदत नसल्यामुळे आलेली फाइल आठवडाभर पडून राहिली तरी कुणी रुसायचं कारण नव्हतं. हे अर्थात पोटापाण्याची चिंता नसलेल्यांनाच परवडतं. बाकीच्यांनी सैलसर का होईना, तारीख ठरवलेली बरी.

फायलींची देवघेव: काय पाठवायचं, काय बिघडतं

अशा कामात एकजण बीज पाठवतो, म्हणजे चार किंवा आठ बारची (एक बार म्हणजे चार मात्रा) एखादी घोळणारी ओळ आणि ठेका. दुसरा त्यावर भर घालतो किंवा त्यातलं काढून टाकतो आणि परत पाठवतो. ऐकायला सोपं आहे. गोंधळ होतो तो तपशिलात, म्हणून तपशील आकड्यांसह देतो.

पहिली गोष्ट टेम्पो. समजा १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२५ मात्रा, ठरला. एक मात्रा ०.४८ सेकंद, बारचा सोळावा भाग ०.१२ सेकंद. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं (सॅम्पल्स) घेतली तर, तो बरोबर ५,२९२ सॅम्पल्सचा भरतो. पूर्णांक. त्यामुळे हाताने कापलेला तुकडा कितीही वेळा फिरवला तरी सरकत नाही. १२७ ला हाच आकडा ५,२०८.६६ येतो आणि हाताने कापलेले तुकडे हळूहळू घसरतात. सॉफ्टवेअर स्वतः अपूर्णांक सांभाळतं, माणूस कात्री चालवतो तेव्हा सांभाळत नाही. त्याहून वाईट चूक दशांशाची. एकाकडे १२५ आणि दुसऱ्याकडे १२५.०५ असेल तर पहिल्या मिनिटात काहीच कळत नाही, पण सहाव्या मिनिटाअखेर ०.१४४ सेकंदांचा फरक पडलेला असतो. म्हणजे एका सोळाव्या भागाहून जास्त. हायहॅट (झांजेसारखा ठोका) चुकीच्या घरात जाऊन बसतो आणि दोघंही एकमेकांच्या वाजवण्याला नावं ठेवतात.

दुसरी गोष्ट सॅम्पल रेट. ४४.१ ची फाइल कुठल्याही रूपांतराशिवाय ४८ च्या प्रोजेक्टमध्ये टाकली तर ती जवळपास ८.८ टक्के वेगाने पळते. १२५ चा टेम्पो १३६ होतो आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर वर चढतो. एवढा ढोबळ फरक लगेच कळतो. एकच हायहॅट किंवा नॉइझचा फवारा असा घुसला तर मात्र कळत नाही, कारण त्याला सूरच नसतो. म्हणून रेट फाइलच्या नावातच लिहावा.

तिसरी गोष्ट सुरुवातीचा बिंदू. प्रत्येक फाइल पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेपासून बाउन्स करायची, म्हणजे ऑडिओ फाइल म्हणून काढायची. एखादं वाद्य ९७ व्या बारला येत असलं तरी त्याच्याआधीच्या शांततेसकट. जागा वाया जाते, पण भांडण वाचतं. जागेचा हिशोब असा: २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ मोनो फाइल मिनिटाला सुमारे ७.९ एमबी घेते. सहा मिनिटांचा ट्रॅक साधारण ४८ एमबी, असे सोळा म्हटले की ७६० एमबीच्या आसपास. ही गोष्ट मेलला जोडता येत नाही. सर्व्हरवर चढवायची आणि मेलमध्ये दुवा द्यायचा. रोजच्या देवघेवीला मात्र एक स्टिरिओ रफ मिक्स, नव्या ओळींच्या तेवढ्या फायली आणि एमआयडीआय फाइल एवढं पुरतं. सगळे स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या सुट्या फायली, शेवटी एकदाच.

चौथी गोष्ट पातळी आणि इफेक्ट. मास्टर चॅनलवरचा लिमिटर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) काढून, आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आत ठेवून पाठवायचं. इको किंवा रिव्हर्ब हा आवाजाचाच भाग असेल तर दोन फायली द्यायच्या, एक कोरडी आणि एक इफेक्टसकट. १२५ ला इकोचा टिंबाचा आठवा भाग, म्हणजे तीन सोळावे भाग, ३६० मिलिसेकंदांचा. कुणी तो ३७५ वर ठेवून फायलीत छापून टाकला तर तो नंतर कुणालाच काढता येत नाही.

पाचवी गोष्ट फक्त ॲनालॉगवाल्यांसाठी. एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशोबात अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टचा, म्हणजे एक सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) एका मिलिव्होल्टहूनही कमी. खोलीचं तापमान बदललं की ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, एवढा सहज सरकतो. यंत्र चालू करून वीस-तीस मिनिटं तापू द्यावं, मग सुरात लावावं, आणि फायलींसोबत त्याच यंत्रावर घेतलेला दहा सेकंदांचा ‘सी’ स्वर वेगळा पाठवावा. समोरच्याला त्याचं यंत्र तुमच्या सुराला मिळवता येतं. ४४० हर्ट्झचा आग्रह धरण्यापेक्षा हे लवकर होतं.

जुनी यंत्रं परदेशातून मागवणाऱ्यांसाठी जाता जाता दोन शब्द. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचं, जपानी देशांतर्गत मॉडेल १०० व्होल्टचं. आपल्या २३० ला थेट जोडलं तर त्याचा पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. आपल्याकडची विजेची घरघर ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. खालचा ‘जी’ स्वर ४९ हर्ट्झचा आहे. त्या स्वरात किक (ड्रमचा खर्जातला ठोका) किंवा बेस लावला आणि केबलमधून घरघर घुसली तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. मग ‘कॉम्प्रेसर बिघडला’ म्हणून नसता शोध सुरू होतो. अर्थिंग आधी तपासावं.

वेळेचा हट्ट

आता क्लार्कच्या हट्टाकडे. एमआयडीआय ही एकेरी रांग आहे. सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला दहा बिट, एका स्वराला तीन बाइट. हिशोब केला तर एक स्वर पाठवायला ०.९६ मिलिसेकंद लागतात. एकाच केबलवर एकाच क्षणी आठ स्वर पाठवले तर आठवा पोहोचेपर्यंत साडेसात मिलिसेकंद उलटून जातात. बॅलडमध्ये हे कुणाला ऐकू येत नाही. टेक्नोत येतं, आणि तेही उशीर म्हणून येत नाही, आवाजाचा दम गेल्यासारखं येतं. समजा ५५ हर्ट्झच्या दोन किक एकावर एक ठेवल्या. एक आवर्तन १८.२ मिलिसेकंदांचं. त्यातली एक ७.७ मिलिसेकंद मागे पडली तर दोन्ही लाटा जवळजवळ उलट्या होतात आणि दोन किक मिळून एका किकच्या निम्म्याएवढा खर्ज उरतो. मग माणूस ईक्यूवर (खर्ज-तार कमीजास्त करण्याच्या बटणांवर) ५५ हर्ट्झ वाढवत बसतो आणि आवाज आणखी गढूळ होतो.

व्होल्टेज-गेटमध्ये रांग नाही. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र तार. एमसी-४ ला चार वाहिन्या होत्या, प्रत्येकीला स्वतःचं व्होल्टेज आणि स्वतःचा गेट. आज हेच काम डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, जाऊ देणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमधून (संगणकात आवाज आत-बाहेर करणाऱ्या पेटीतून) होतं. संगणकातली ऑडिओ वाहिनीच व्होल्टेज म्हणून बाहेर पाठवायची, म्हणजे वेळ सॅम्पलच्या अचूकतेने सांभाळली जाते. सगळेच इंटरफेस डीसी जाऊ देत नाहीत. विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

ज्यांच्याकडे एमआयडीआयच आहे त्यांनी किक आणि बेसला स्वतंत्र केबल द्यावी, किंवा वाद्यं एकेक करून ऑडिओत उतरवावीत. आणि एकदा ‘टिक्’ची चाचणी घ्यावी. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक क्लिक बाहेर काढून तीच इनपुटमध्ये रेकॉर्ड करायची, ती किती सॅम्पल मागे पडली ते मोजायचं आणि तेवढी भरपाई सॉफ्टवेअरमध्ये कायमची टाकायची. दोघा भागीदारांचा हा आकडा वेगळा असतो. तो दुरुस्त न करता फायलींची चार-पाच वेळा ये-जा झाली की प्रत्येक थर थोडा थोडा मागे पडत जातो. मग ठेका आळसावतो आणि दोष कुणाचा ते सापडत नाही.

‘स्स्स्स’ ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो हाच ताठपणा. काही जणांना तो थंड वाटतो. पण इतकी कमी वाद्यं घेऊन ट्रॅक सहा-सहा मिनिटं चालवायचा तर प्रत्येक ठोक्याला कडा हवी, आणि ती इथे आहे.

गायक नसताना मध्यभागी कोण?

सिंथ-पॉपमध्ये सगळी रचना आवाजाभोवती फिरते. ओळ आली की वाद्यं मागे सरतात, ओळ संपली की पुढे येतात. आवाज काढून घेतला की सवयीचा संगीतकार ती जागा लीड सिंथने भरतो आणि ‘गाण्याचा करावके’ तयार होतो. वाद्य-इलेक्ट्रॉनिक अल्बमचं सगळ्यात नेहमीचं अपयश हेच. जुन्याजाणत्यांकडून तर जास्तच होतं, कारण त्यांची सुरावट चांगली असते आणि मोह आवरत नाही.

तबल्याच्या एकल वादनात लेहरा जसा त्याच त्या आवर्तनात फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष बोलांवर राहतं, तशी टेक्नोत स्वरांची ओळ जागेवर राहते आणि बदल होतो तो तिच्या रंगात. बोलांची जागा फिल्टर, म्हणजे आवाजाचे वरचे किंवा खालचे अंश कापणारा भाग, घेतो. एक उदाहरण जवळून पाहू. एका ऑसिलेटरवर सोळा पायऱ्यांची ओळ, स्वर फक्त तीन. फिल्टरचा कटऑफ (कापण्याची सीमा) बारा पायऱ्यांनी परत सुरुवातीला येणाऱ्या दुसऱ्या सिक्वेन्सरने हलवायचा. स्वर आणि रंग पुन्हा एकत्र जुळतात ते ४८ पायऱ्यांनी, म्हणजे तीन बारने. बाराऐवजी सात पायऱ्या केल्या तर ११२ पायऱ्यांनी, सात बारने. स्वर एकही वाढला नाही, तरी ओळ पाठ होत नाही. त्यावर रेझोनन्सचं, म्हणजे त्या सीमेजवळचा आवाज उठावदार करणारं, बटण हाताने, अगदी हळू, बत्तीस बारमध्ये घड्याळाच्या नऊपासून बारापर्यंत न्यायचं. १२५ ला बत्तीस बार म्हणजे ६१ सेकंद. हात अधीर होतो आणि विसाव्या सेकंदालाच बटण बारावर पोहोचतं. बहुतेक घरगुती ट्रॅक इथेच फसतात. पुढची चाळीस सेकंदं करायला काहीच उरत नाही, म्हणून नवं वाद्य आणलं जातं आणि गर्दी सुरू होते.

व्हीसीएमजीने ही गर्दी टाळली आहे. ‘सिंगल ब्लिप’ या शीर्षकातच एकुलत्या एका छोट्या ‘ब्लिप’ आवाजाची कबुली आहे. तरीही दोघांची मूळ सवय लपत नाही. मधेच एखादी ओळ अशी वळते की कट्टर टेक्नोवाल्याने ती ठेवली नसती. ती वळणं हीच या अल्बमची खरी चव आहे, आणि ती आणखी हवी होती.

तिसरा हात, चौथा कान

या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मिक्सिंगचा. स्टेम्स दोघांपैकी कुणीच मिक्स केले नाहीत. ते काम कॅलिफोर्नियाच्या टिमथी ‘क्यू’ वाइल्सकडे, म्हणजे उबरझोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लब-संगीतातल्या माणसाकडे गेलं. मास्टरिंग, म्हणजे प्रसिद्धीआधीचा आवाजावरचा शेवटचा हात, बर्लिनमध्ये श्टेफान बेटकेकडे. हा बेटके म्हणजेच पोल. वाल्डॉर्फ कंपनीचा ‘४-पोल’ फिल्टर मोडला आणि त्याच्या खरखरीतून त्याने आपली शैली आणि नाव दोन्ही घेतलं. कमीत कमी आवाजात खर्ज कसा बोलतो हे त्याच्याइतकं कमी जणांना कळतं.

हे बाहेर देण्याने दोन गोष्टी साधल्या. भागीदारीत मिक्सिंग ही सत्तेची जागा असते. ज्याच्या हातात फेडर (आवाज कमीजास्त करण्याची पट्टी), त्याची ओळ मोठी. तो हातच तिसऱ्याचा झाला की वाद मिटतो. दुसरं म्हणजे दोघं घरच्या स्टुडिओत ऐकत होते आणि हे संगीत वाजायचं होतं मोठ्या स्पीकरवर. घरात छान वाटणारा खर्ज क्लबमध्ये पसरट होतो. अशा ट्रॅकच्या मिक्सिंगची नेहमीची कामं आधी ठरलेली असतात. किक आणि बेस यांतला एकच ६० हर्ट्झच्या खाली ठेवायचा आणि दुसऱ्याला हाय-पास (खर्ज कापणारा फिल्टर) लावायचा. किक वाजली की बेस साइडचेनने तीन-चार डेसिबल दाबायचा. रिलीज (बेस परत वर यायला लागणारा वेळ) १२० ते १८० मिलिसेकंदांच्या दरम्यान, म्हणजे पुढचा आठवा भाग (२४० मिलिसेकंद) येण्याआधी बेस पूर्ण परतलेला असेल. रिलीज यापेक्षा लांबली तर बेस कधीच पूर्ण आवाजात येत नाही, फार आखूड केली तर खर्जात टकटक ऐकू येते.

विनाइलवर कापायचं असेल तर आणखी एक बंधन. साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो लागतं. डाव्या-उजव्या खर्जात फरक असला की खाच वरखाली होऊ लागते आणि सुई उडी मारते. त्याचप्रमाणे आठ-दहा किलोहर्ट्झच्या टोकदार हायहॅटला आवर घालावा लागतो, नाहीतर तबकडीच्या आतल्या भागात तो फुसफुसतो. (अल्बमचं नावच ‘स्स्स्स’ असताना मास्टरिंगवाल्याला हसू आलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही.) लांबीचंही तसंच. तेहतीसच्या वेगात एका बाजूला अठरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं की आवाज खाली आणावा लागतो.

बाजारात कसं आणलं

म्यूटने अल्बम थेट समोर ठेवला नाही. आधी नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस ‘स्पॉक’ हा ट्रॅक ‘ईपी१’ म्हणून डीजेंच्या बीटपोर्ट या दुकानात आला. मग बारा इंची तबकडी निघाली. रिमिक्स करणारे रेजिस, डीव्हीएस१, एडिट सिलेक्ट यांच्यासारखे टेक्नोतले मुरलेले लोक होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘सिंगल ब्लिप’, मार्चमध्ये अल्बम, ऑगस्टमध्ये ‘आफ्टरमॅथ्स’. डिपेश मोड आणि इरेझरचे चाहते तसेही येणारच होते. प्रश्न होता तो टेक्नोच्या लोकांनी या दोघांना हौशी पाहुणे समजू नये याचा. रिमिक्सची निवड त्यासाठीच आहे, आणि क्रमही. नवख्या शैलीत शिरणाऱ्या जाणत्या कलाकाराने त्या शैलीतल्या लोकांच्या हातात आधी कच्चा माल द्यावा. मुलाखती नंतर देता येतात.

कुठे तोकडं पडलं

दहा ट्रॅक एका दमात ऐकले की मधला भाग एकसुरी होतो. त्यामागे एक कारण कामाच्या पद्धतीतच आहे. फायलींच्या देवघेवीत प्रत्येकजण भर घालतो, समोरच्याचं खोडायला मात्र कचरतो. एका खोलीत बसलेली माणसं ‘हे नको’ असं भुवयांनी सांगतात. मेलमध्ये तेच लिहायला धीर लागतो. त्यामुळे सगळे ट्रॅक चांगल्या स्थितीत पोहोचतात, पण एखादा पूर्ण मोडून नव्याने बांधला गेला असं वाटत नाही. यावर उपाय आहे, फक्त तो आधी ठरवायला हवा. प्रत्येक फेरीत ज्याच्याकडे फाइल येईल त्याने एक गोष्ट काढूनच परत पाठवायची, आणि काढलेल्याची विचारणा करायची नाही. मूळ फाइल जपलेली असतेच.

दुसरा मुद्दा धोक्याचा. मिनिमल टेक्नोच्या उत्तम नमुन्यांत कधी कधी रचना कोसळेल की काय अशी भीती वाटते. यंत्र हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं. इथे ते क्वचित होतं. दोघांनाही यंत्र फारच चांगलं ताब्यात ठेवता येतं, आणि मेलवर अपघात पाठवायला कुणाला आवडत नाही. चांगला अपघात झाला तर तो नीटनेटका न करता, झाला तसा, पूर्ण लांबीने पाठवावा. समोरच्याला त्यात काय दिसेल ते पाठवणाऱ्याला सांगता येत नाही.

पुढे काय झालं

व्हीसीएमजीचा दुसरा अल्बम आला नाही. पण वाद्यसंगीताची वाट दोघांनी सोडली नाही. गोरने एप्रिल २०१५ मध्ये ‘एमजी’ हा सोळा तुकड्यांचा अल्बम काढला. टेक्नोचा ठेका बराचसा बाजूला, तुकडे आखूड, चित्रपटातल्या पार्श्वसंगीताकडे झुकणारे. २०२१ मध्ये ‘द थर्ड चिंपांझी’ हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच, आला. क्लार्कने २०१६ मध्ये स्वतःचं व्हेरीरेकॉर्ड्स हे लेबल काढलं आणि ऑर्बिटलच्या पॉल हार्टनोलबरोबर ‘२स्क्वेअर’ केला. तिथे भागीदार नृत्यसंगीतातच मुरलेला असल्यामुळे सुरावटीला जास्त मोकळीक मिळाली आहे. ‘स्स्स्स’नंतर लगेच तो ऐकला तर फरक चटकन लक्षात येतो.

नोव्हेंबर २०२३ चा ‘साँग्ज ऑफ सायलेन्स’ मात्र पार वेगळा. लॉकडाउनमध्ये क्लार्कने स्वतःला दोन नियम घालून घेतले. आवाज फक्त युरोरॅक मॉड्युलरमधून (सुटे भाग तारांनी जोडून बनवलेल्या सिंथेसायझरमधून) काढायचे, आणि प्रत्येक तुकडा एकाच स्वरावर, म्हणजे एका अखंड षड्जासारख्या खर्जावर उभा करायचा. ठेका जवळजवळ नाहीच. २०११ मध्ये शब्द काढून टाकणाऱ्याने आता स्वरांची ये-जाही काढून टाकली. ज्यांना घरी प्रयोग करायचा आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एक स्वर, आणि रेकॉर्डर पूर्ण दहा मिनिटं चालू. दुसरा स्वर लावायची इच्छा कितव्या मिनिटाला होते ते कागदावर लिहून ठेवावं आणि तो न लावता फिल्टरवर काय करता येतं ते पाहावं. भागीदाराला फाइल पाठवायची ती त्यानंतर.